सही कोणाची, शरीर कोणाचे

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर फाइल घेऊन खाटेपाशी येते. फाइलमध्ये तीन-चार छापील कागद असतात. शस्त्रक्रियेचा एक, भुलीचा एक, रक्त चढवावे लागले तर त्याचा आणखी एक. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. 'पेशंटबरोबर कोण आहे?' असे ती विचारते आणि मुलगा, जावई, नवरा, जो जवळ उभा असेल तो पुढे होऊन फुल्यांवर सह्या करतो. रुग्ण खाटेवर पूर्ण शुद्धीत असतो. कदाचित आयुष्यभर बँकेत काम करून, हजारो कागद वाचून निवृत्त झालेला असतो. त्याला कोणी विचारत नाही आणि त्यात कोणाला वावगेही वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने दुसऱ्याने केलेली ही सही संमती ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली ती दिल्लीतील एका प्रकरणात. मे १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली. सोनोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन पोटात दुर्बीण घालून पाहू असे ठरले. तिने सही केलेल्या कागदावर निदानासाठी आणि उपचारासाठी लॅपरोस्कोपी, आणि गरज पडल्यास पोट उघडावे लागेल, एवढेच होते. ती भुलीत असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि आत गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या.

ती ग्राहक आयोगात गेली, तिथे हरली, आणि १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे न्यायालय म्हणाले नाही. एंडोमेट्रिओसिस हा आजार खरोखर होता, आणि डॉक्टरांच्या मते अवयव काढणे हाच त्यावर इलाज होता. पण त्या क्षणी जीव धोक्यात नव्हता. भूल उतरेपर्यंत थांबून तिलाच विचारता आले असते. आई कितीही जवळची असली तरी सज्ञान मुलीच्या शरीराबद्दल तिची संमती चालत नाही, आणि मुलगी काही तास बेशुद्ध आहे एवढ्याने आईला तो अधिकार मिळत नाही. न्यायालयाने नुकसानभरपाई दिली ती २५ हजार रुपये, आणि डॉक्टरांना फी मिळणार नाही असे सांगितले. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. त्या स्त्रीचे नाव निकालाच्या शीर्षकातच छापले गेले आणि कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात ते आजही वाचायला मिळते. इथे ते मुद्दामच घेत नाही.

याच निकालाने रुग्णाला काय काय सांगायला हवे तेही ठरवून दिले. उपचार कोणता आणि कसा करणार, तो कशासाठी आणि त्याने काय साधेल, दुसरा मार्ग आहे का, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल. हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले की माहिती पुरेशी झाली. क्वचित घडणाऱ्या, पुस्तकी धोक्यांची जंत्री वाचून त्याला घाबरवायची गरज नाही, असेही न्यायालय म्हणते. हे ठीक. पण किती सांगायचे हे कोणी ठरवायचे? अमेरिकेतील एका गाजलेल्या निकालाने १९७२ मध्ये रुग्णाच्या बाजूने विचार केला होता: निर्णय घ्यायला रुग्णाला जे कळणे आवश्यक आहे ते सांगा. आपल्या न्यायालयाने, इथले गरीब रुग्ण, गर्दीची रुग्णालये आणि डॉक्टरांवरचा विश्वास यांचा विचार करून, ती मोजपट्टी नाकारली आणि डॉक्टर मंडळींत जेवढे सांगण्याची रीत आहे तेवढे पुरे, हा ब्रिटिश निकष स्वीकारला. पुढे २०१५ मध्ये खुद्द ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सोडून दिला. मधुमेह असलेल्या एका गरोदर स्त्रीला प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका सांगितला गेला नव्हता, त्या प्रकरणात. आपल्याकडे २००८ चा निकाल अजून उभा आहे. या एका बाबतीत तो मागे पडला आहे असे माझे मत. गरीब रुग्णाला समजावायला वेळ जास्त लागतो हे खरे, पण त्यावरून त्याला कमी सांगावे असे काही निघत नाही.

एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, हे तत्त्व मात्र पक्के आहे, आणि व्यवहारात सगळ्यात उपयोगी तेच पडते. पित्ताशयातल्या खड्यांचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची ठरते, पण आत चिकटलेले असेल तर मध्येच पोट उघडावे लागू शकते. ही शक्यता सर्जनला आधीपासून माहीत असते, म्हणून ती आधी सांगून कागदावर लिहून घ्यायची. मग पोट उघडले तरी तक्रारीला जागा नाही. त्याच शस्त्रक्रियेत एखादा निरुपद्रवी हर्निया दिसला आणि 'आता आत आहोतच तर' म्हणून तोही शिवून टाकला, तर तो संमतीशिवाय केलेला उपचार झाला. 'डॉक्टरांना योग्य वाटेल ते सर्व करण्यास माझी संमती आहे' अशी सर्वसमावेशक ओळ अनेक छापील कागदांवर असते. अशी सरसकट संमती न्यायालयात फारशी टिकत नाही.

कागद रुग्णाच्या भाषेत असावा, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही इंग्रजी कागद सर्रास दिसतो. मराठी छापला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. नंदुरबारच्या धडगावात पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी संमतीपत्रही परकेच. तिथे दुभाषा हवा, त्याची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि अंगठा असेल तर तो वाचून दाखवल्यानंतरचा हवा. वेळेचेही भान हवे. झोपेचे किंवा गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर घेतलेल्या सहीचा उपयोग नाही. म्हणून प्रश्न विचारायचे ते ओपीडीत, शस्त्रक्रियेची तारीख ठरते तेव्हा. भूलतज्ज्ञ तपासायला येतो ती दुसरी संधी. स्ट्रेचरवर पडल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

आणीबाणीत हे सगळे बाजूला ठेवता येते, आणि ते तसेच असायला हवे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० नुसार, संमती देणे शक्य नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हेच कलम ९२ होते. त्याखालची उदाहरणे मेकॉलेच्या काळातली आहेत आणि नव्या संहितेतही तशीच उतरली आहेत. एक माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध होतो आणि सर्जन न विचारता त्याच्या कवटीला छिद्र पाडतो. दुसऱ्या माणसाला वाघ उचलून नेतो आणि गोळी त्यालाच लागू शकते हे ठाऊक असूनही कोणी वाघावर नेम धरतो. आज घोड्याच्या जागी मोटारसायकल आहे, तत्त्व तेच. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की अपघातातील जखमीवर उपचार करायला पोलिसांच्या कागदपत्रांची वाट पाहायची नाही. म्हणजे खऱ्या आणीबाणीत नातेवाइकाच्या सहीसाठी थांबण्याची कायद्याला गरज नाही. डॉक्टर थांबतात ते दुसऱ्या भीतीने. रुग्ण दगावला तर 'आम्हाला सांगितलेच नाही' म्हणत जमाव दवाखाना फोडतो, हा अनुभव खोटा नाही. महाराष्ट्राला २०१० मध्ये डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. 'हाय रिस्क कन्सेंट' नावाचा कागद नातेवाइकांसमोर येतो तो या भीतीपोटी. नातेवाइकांना कल्पना दिली याचा पुरावा म्हणून तो ठीक आहे. रुग्णाच्या संमतीची जागा तो घेऊ शकत नाही.

पण हा घोळ फक्त भीतीतून आलेला नाही, नियमांतूनही आला आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम २००२ चे आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले, म्हणून जुनेच चालू आहेत. त्यातील ७.१६ हा नियम शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कोणाकडून घ्यायची ते सांगतो. क्रम असा: नवरा किंवा बायको, अज्ञान मुलाच्या बाबतीत आई-वडील किंवा पालक, आणि मग स्वतः रुग्ण. ज्याच्या पोटावर चाकू चालणार त्याचा नंबर शेवटचा. ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकते तिथे नवरा-बायको दोघांचीही संमती हवी, असे हाच नियम पुढे म्हणतो. उलट केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेच्या मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराच्या संमतीची आवश्यकता नाही असे स्पष्ट आहे. आणि गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात तर १८ वर्षांवरील, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते, इतर कोणाचीही नाही. तरीही 'मिस्टरांना घेऊन या' हे वाक्य गावोगावच्या दवाखान्यांत ऐकू येते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचीच दखल घेतली. कायद्यात नसलेल्या अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे बजावले. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्यात गोपनीयतेचे कलमही आले आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव अधिकृत व्यक्तीखेरीज कोणाला सांगितले, तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सही असूनही संमती नसते, याचे महाराष्ट्रातले सगळ्यात मोठे उदाहरण बीडचे. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये बाहेर आले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत साडेतेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कित्येकी चाळिशीच्या आतल्या. पांढरे जात होते, पोट दुखत होते, पाळीत कोयता धरता येत नव्हता, खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापत होता. अशा बाईला 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले, की तिने सही केली किंवा अंगठा दिला यात नवल काय? दिल्लीतील त्या स्त्रीला विचारले नव्हते. इथे विचारले होते, कागदही होता, पण दुसरा उपाय आहे का, औषधांनी बरे होईल का, कमी वयात बीजांडकोशही गेले तर हाडांचे आणि हृदयाचे काय होते, हे सांगितले नव्हते. भीती घालून किंवा चुकीची समजूत करून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे फौजदारी कायद्यात १८६० पासून लिहिलेले आहे. पुढे जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. ती लागली असेलही उपयोगी, पण बाईला नीट समजावण्याऐवजी तिच्यावर आणखी एक सही करणारा साहेब आणून बसवणे हा अर्धाच इलाज. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेआधी, जिवाचा भरवसा नाही म्हणून, परवानगी घ्यायला सांगितली आहे ती राजाची.

मुलांचे थोडक्यात सांगायचे तर १८ वर्षांखाली आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते. कायद्यात बारा वर्षांचा आकडाही एका जागी येतो. त्याहून लहान मुलाची संमती फौजदारी कायदा मानत नाही. मधल्या वयाच्या मुलांना साध्या तपासणीसाठी तरी विचारावे, एवढा अर्थ त्यातून काढता येतो. मानसिक आजार असला म्हणून संमतीचा हक्क जात नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरूनच सुरू होतो, आणि पुढे कधी ती गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याची सोय देतो.

आता गोपनीयता. हा वेगळा विषय मानला जातो, पण नातेवाइकांच्या घोळक्याने रुग्णाला झाकून टाकण्याची गोष्ट इथेही तशीच चालते. बायोप्सीचा रिपोर्ट येतो. मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून म्हणतो, 'आईला सांगू नका हं, ती खचेल.' डॉक्टर मान डोलावतात. आईला 'गाठ आहे, काढून टाकू' एवढेच कळते. तिला टाटा कॅन्सर रुग्णालयात नेले की गेटवरची पाटी वाचून तिला सगळे उमगते, पण मुलांसाठी तीही न कळल्यासारखे करते. या नाटकात सगळ्यांची माया खरी असते. मात्र केमोथेरपीच्या कागदावर सही करणाऱ्या बाईला आजाराचे नावच माहीत नसेल, तर ती कशाला होकार देते आहे? रिपोर्ट तिचा आहे. तो मुलाला सांगावा की नाही हे ती ठरवील, हा खरा क्रम. २००२ च्या नियमांत आजाराचे गांभीर्य रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना कळावे अशी सैल रचना आहे, तिचा आधार घेऊन हे चालते. काही रुग्णांना खरोखरच ऐकायचे नसते. पण तेही त्यांनाच विचारून कळते: 'रिपोर्टबद्दल मी तुमच्याशी बोलू, की मुलाशी?' एवढा एक प्रश्न पहिल्या भेटीतच विचारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. वेळ अर्धा मिनिट लागतो.

रुग्णाचे गुपित राखणे हा डॉक्टरकीचा फार जुना धर्म आहे. वैद्याने रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, असे चरकसंहितेतही सांगितले आहे. आजचे नियम तीन अपवाद करतात: न्यायालयाने आदेश दिला तर, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि कळवणे बंधनकारक असलेला आजार असेल तर. न्यायालयाचा अपवाद अनेकांना ठाऊक नसतो. वकिलाला अशिलाचे गुपित न सांगण्याचे कायद्याचे संरक्षण आहे, तसे आपल्या पुरावा कायद्याने डॉक्टरला दिलेले नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसऱ्या अपवादाची, म्हणजे धोक्याची, कसोटी लागली ती एचआयव्हीच्या वेळी, आणि पहिला धडा गोव्यातला आहे. डॉमिनिक डिसूझा हा म्हापशाचा तरुण रक्तदाता. दान केलेल्या रक्तात विषाणू सापडला. १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचलून एका बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात कोंडले, आणि दोन महिने तिथेच ठेवले. सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती वैधही ठरवली. सुटका झाली, पण तोपर्यंत साऱ्या गोव्याला त्याचा आजार माहीत झाला होता. डिसूझाने पुढे एचआयव्हीबाधितांसाठी संस्था उभी केली, आणि १९९२ मध्ये तो वारला.

पुढे चेन्नईतील एका रुग्णालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातही रक्तदानातूनच निदान झाले, बातमी फुटली, ठरलेले लग्न मोडले, आणि त्या माणसाला गाव सोडावे लागले. १९९८ च्या निकालात त्याचे नाव फक्त 'एक्स' आहे. न्यायालयाने सांगितले, की गोपनीयतेचा हक्क आहे, पण नियोजित वधूच्या जिवाचा हक्क त्याहून मोठा. इथपर्यंत वाद घालणे कठीण. पण न्यायालय पुढे जाऊन अशा माणसाच्या लग्नाच्या हक्कावरच बोलले. ती टिप्पणी अनावश्यक होती असे २००२ मध्ये मोठ्या पीठाला सांगावे लागले. त्याआधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने नोकरी नाकारलेल्या एका एचआयव्हीबाधित कामगाराला नाव लपवून दावा चालवू दिला. आपला आजार जगजाहीर केल्याशिवाय न्यायच मागता येत नसेल, तर कोणी मागणार नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण.

या सगळ्या ठेचांतून २०१७ चा एचआयव्ही कायदा तयार झाला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि गोपनीयतेबद्दल इतका तपशीलवार विचार केलेला दुसरा आरोग्य कायदा आपल्याकडे नाही. चाचणीआधी माहिती देऊन संमती घ्यायची, आधी आणि नंतर समुपदेशन करायचे. जोडीदाराला सांगायचे तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. जोडीदाराला खरा धोका आहे अशी डॉक्टरची खात्री हवी, रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून त्याला समजावलेले असायला हवे, तो सांगणार नाही हे स्पष्ट व्हायला हवे, आता मी सांगणार आहे याची त्याला पूर्वकल्पना द्यायला हवी, आणि मग जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, समुपदेशनासह सांगायचे. सांगितल्याने स्त्रीला मारहाण होईल अशी रास्त भीती असेल, तर सांगायचे नाही. आता शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीची चिठ्ठी आठवून पाहा. हिमोग्लोबिन, साखर, आणि त्याच ओळीत एचआयव्ही. किती जणांना त्याबद्दल वेगळे विचारले जाते? रिपोर्ट आला की फाइलवर लाल शाईचा शेरा आणि खाटेला स्टिकर. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही गैर आहे.

तिसरा अपवाद कळवण्याच्या आजारांचा. क्षयरोग २०१२ पासून त्यात आहे, त्यामुळे खासगी डॉक्टरनेही रुग्णाचे नाव निक्षय पोर्टलवर नोंदवायचे असते. औषधे मध्येच सुटू नयेत म्हणून हे हवेच. पण सरकारला कळवणे आणि आळीला कळणे यांत फरक आहे, आणि साथ आली की तो पहिल्यांदा विसरला जातो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने घरी विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारले. रेल्वेतून प्रवास करणारे लोक त्या शिक्क्यांवरून पकडले गेले. हेतू साधला म्हणावे तर म्हणा, पण आजार नसलेल्यांच्याही हातावर संशय छापला गेला.

कधी कधी गोपनीयतेची ढाल उलटीही वापरली जाते. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेले आमदार सुरूपसिंग नाईक २००६ मध्ये शिक्षेचा बराच काळ तुरुंगाऐवजी जे. जे. रुग्णालयात होते. त्यांना झाले काय होते, असे एकाने माहितीच्या अधिकारात विचारले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले, की कैद्याच्या बाबतीत व्यापक जनहित असेल तर अशी माहिती देता येते, मात्र संबंधिताचे म्हणणे आधी ऐकून. मला हा निकाल पटतो.

रोजच्या गळती मात्र न्यायालयापर्यंत जात नाहीत. जनरल वॉर्डात राउंडला आलेले डॉक्टर शेजारच्या सहा खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात पाळीबद्दल विचारतात. पडदा असतो, तो ओढला जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयात दहा विद्यार्थी एकाच पोटावर हात ठेवून बघतात. शिकायला हवेच, पण 'यांना तपासू द्याल का?' हे विचारायला हवे, आणि नाही म्हटल्याने उपचार कमी होता कामा नयेत. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असेल तेव्हा दुसरी स्त्री खोलीत हवी, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. ही सनद राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केली, आणि २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना ती दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. लावलेली असते. बहुधा कुंडीच्या मागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणी खोलीच्या कॅमेऱ्याची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. सुरक्षेसाठी कॅमेरा हवा तर तो दारात असावा, तपासणीच्या टेबलावर रोखलेला कॅमेरा कोणाचीच सुरक्षा करत नाही. व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाठवताना कोपऱ्यातले नाव झाकणे, आणि शस्त्रक्रियेआधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीत टाकताना वेगळी लेखी परवानगी घेणे, एवढे तरी डॉक्टरांना जड जाऊ नये. फोनवरच्या सल्ल्यासाठी मार्च २०२० पासून स्वतंत्र नियम आहेत. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत, डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केला तर स्पष्ट संमती हवी.

कागद संगणकात गेल्यावर गोष्ट बदलते, कारण कपाट एका वेळी एक जण उघडतो आणि सर्व्हर सगळे एकदम. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. आता ओपीडीच्या खिडकीवर 'आभा काढलंय का?' असे विचारतात. हा १४ आकडी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. क्यूआर कोड स्कॅन करून रांगेचा नंबर घेतला, म्हणजे सगळे जुने रिपोर्ट उघडे झाले असे होत नाही. रिपोर्ट पाहायला डॉक्टरला मोबाइलवर वेगळी विनंती पाठवावी लागते. त्यात कशासाठी, कोणत्या काळातले आणि कधीपर्यंत, हे तिन्ही असते, आणि दिलेली परवानगी मागे घेता येते. रचना चांगली आहे. फक्त ती विनंती रुग्णाच्या मोबाइलवर येते आणि मोबाइल बहुधा सुनेच्या हातात असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि रुग्णालयांवर येणारी त्यातली मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीची सुरक्षा न राखल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मेडिक्लेमचे मात्र ध्यानात ठेवा. कॅशलेससाठी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या मध्यस्थाच्या, फॉर्मवर सही करताना आपले सगळे जुने कागद मागवण्याची मुभा आपण स्वतःच दिलेली असते.

शेवटी कागद हातात घेण्याचे. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. आंतररुग्णाची नोंद डॉक्टरने तीन वर्षे ठेवायची असते, आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितली की ७२ तासांत द्यायची असते. २००२ च्या या नियमात बिल चुकते केल्याची अट कुठेही नाही. छायाप्रतींचा खर्च घेता येतो. नकार मिळाला तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. संमतीशिवाय उपचार झाले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, साध्या कागदावर चालतो: रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख, आयपीडी क्रमांक, आणि संमतीपत्रे, भुलीची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद व नर्सिंगचे तक्ते यांच्या प्रती हव्यात एवढे लिहायचे. सही रुग्णाची. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका, कारण ७२ तासांचा हिशेब तिच्यावरूनच दाखवता येतो.